ठसका लागत नाही, म्हणून निर्धास्त राहू नका

वाचकांचे प्रश्न : घसा, गिळणं आणि श्वासाची राखण

या वेळच्या पत्रांत ठसका, घास अडकणं आणि गिळण्याच्या तक्रारी फार होत्या. एकसारखे प्रश्न एकत्र करून सहा निवडले आहेत. उत्तरं कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि गिळण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या स्पीच थेरपिस्ट यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : माझे वडील ७२ वर्षांचे आहेत. पाच आठवड्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, डावी बाजू गेली. नाकातली नळी काढल्यापासून चहा, वरणभात, सगळं तोंडाने घेतात. जेवताना एकदाही ठसका लागत नाही. तरी दोनदा ताप येऊन छातीत कफ झाला. डॉक्टर म्हणतात, अन्न फुप्फुसात उतरतंय. ठसकाच लागत नाही, तर हे कसं शक्य आहे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ठसका लागत नाही, हेच इथलं दुखणं असण्याची शक्यता मोठी आहे.

घशातून खाली दोन वाटा जातात. मागे अन्ननलिका, पुढे श्वासनलिका. पुढच्या वाटेच्या तोंडावर स्वरयंत्र असतं आणि त्याच्या अस्तरात संवेदी चेतातंतूंची टोकं दाटीने पसरलेली असतात. श्वासमार्गावर झुकणारं झाकण, म्हणजे कंठच्छद, आणि स्वरयंत्राच्या मागच्या कडेवरचे दोन उंचवटे इथे ती विशेष दाट. स्वरतंतूंच्या वरच्या भागाची खबर ‘सुपीरियर लॅरिंजिअल’ चेतेची आतली शाखा नेते, खालच्या भागाची ‘रिकरंट लॅरिंजिअल’. दोन्ही व्हेगस या दहाव्या मस्तिष्क-चेतेच्याच शाखा. जिभेचं बूड आणि टॉन्सिलच्या आसपासचा भाग नवव्या मस्तिष्क-चेतेकडे असतो. ही सगळी खबर मेंदूच्या बुंध्यातल्या लंबमज्जेत पोचते आणि गिळायचं की खोकायचं, ते तिथे ठरतं.

घास घशात उतरला की क्षणभर श्वास थांबतो, स्वरयंत्र वर आणि पुढे उचललं जातं, स्वरतंतू मिटतात, कंठच्छद झुकतं. हे सारं साधारण सेकंदाभरात आटोपतं. काम स्नायू करतात, पण किती घट्ट मिटायचं आणि किती वेळ, हे घशाला जे जाणवतं त्यावर ठरतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांची वर सांगितलेली आतली शाखा दोन्ही बाजूंनी इंजेक्शनने तात्पुरती बधिर केली होती. त्यांचे स्नायू शाबूत होते. तरी गिळायला जोर पडू लागला, घशात गोळा असल्यासारखं वाटू लागलं, स्वरयंत्र पुरतं मिटेना आणि काहींच्या श्वासनलिकेत पाणी उतरलं.

झटक्यानंतर हीच जाणीव बोथट होऊ शकते. अन्न किंवा लाळ स्वरतंतूंच्या खाली जाते आणि माणूस खोकत नाही. डॉक्टर याला ‘सायलेंट अ‍ॅस्पिरेशन’ म्हणतात. डावी बाजू गेली असेल तर इजा बहुधा मेंदूच्या उजव्या भागात असते. अशा बऱ्याच रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही, डाव्या गालात घास राहिला तरी त्यांना पत्ता नसतो.

ठसक्यावर विसंबायचं नाही, मग पाहायचं काय? जेवणानंतर आवाज ओला, घुरघुरता होतो का, हे सर्वांत आधी. दोन घोटांनंतर ‘आऽ’ म्हणायला लावा आणि ऐका. जेवताना डोळ्यांत पाणी येणं, नाक गळणं, श्वासाचा वेग वाढणं, पंधरा मिनिटांच्या जेवणाला पाऊण तास लागणं, वजन उतरणं, अधूनमधून बारीक ताप, या सगळ्यांची तारीखवार नोंद ठेवा. डॉक्टरांना तिचा फार उपयोग होतो.

निदान पक्कं करण्याच्या दोन तपासण्या आहेत. एकीत नाकातून बारीक लवचीक दुर्बीण घालून रुग्ण गिळत असताना घसा पाहतात (इंग्रजी आद्याक्षरांवरून हिला ‘फीस’, FEES, म्हणतात). दुसरीत एक्स-रेत दिसणारं बेरियम मिसळलेलं अन्न गिळताना एक्स-रेवर चलत्‌चित्र घेतात. दुर्बिणीच्या टोकाने स्वरयंत्राच्या कडेला हलका स्पर्श करून तिथली संवेदना शाबूत आहे का, हेही पाहता येतं. नुसता पाण्याचा घोट देऊन ठसका लागतो का ते बघणं तुमच्या वडिलांच्या बाबतीत पुरेसं नाही. चिमट्याने किंवा काडीने उमासा आणून पाहणंही पुरत नाही. धडधाकट असूनही उमासा न येणारी माणसं पुष्कळ असतात, आणि उमासा येतो त्याचं गिळणं सुरक्षित असतंच असं नाही. उमाशाचं काम वेगळं, श्वासनलिका राखण्याचं वेगळं.

तपासणी होईपर्यंत पाणी, चहा, दूध असे पातळ पदार्थ तोंडाने द्यायचे की थांबवायचे, हे आजच डॉक्टरांना विचारा. तोंडाने द्यायला परवानगी असेल तर ताठ बसवून द्या. खुर्चीत पाठ टेकलेली, पाय जमिनीवर. पलंगाचं डोकं थोडं उचलून भरवणं टाळा, मान मागे जाते आणि श्वासमार्ग उघडा पडतो. चमचा लहान, एका वेळी साधारण ५ मिली. भरवणाऱ्याने समोर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला किंवा किंचित खाली बसावं. उभं राहून भरवलं की रुग्ण वर बघतो. घास उजव्या बाजूला ठेवा, गिळल्यावर पुन्हा एकदा कोरडं गिळायला सांगा आणि डाव्या गालात बोट फिरवून बघा. टीव्ही बंद, बोलणं बंद. जेवणानंतर निदान अर्धा तास तसंच बसू द्या. हनुवटी छातीला लावून किंवा मान एका बाजूला वळवून गिळणं काहींना फार उपयोगी पडतं, पण कोणाला कोणतं, हे तपासणीत पाहूनच ठरतं. शेजाऱ्यांच्या रुग्णाचा उपाय उचलू नका.

तोंडाची स्वच्छता बहुतेक घरी राहून जाते, आणि तिचं वजन या सगळ्याइतकंच आहे. झोपेत थोडी लाळ श्वासनलिकेत उतरणं निरोगी माणसांतही चालतं, त्याने न्यूमोनिया होत नाही. लाळेत जंतू फार साचले आणि खोकला दुबळा पडला, की होतो. म्हणून प्रत्येक जेवणानंतर दात, हिरड्या, जीभ मऊ ब्रशने साफ करा. ब्रश जेमतेम ओला असावा, चूळ भरताना पाणी आत जाऊ शकतं. कवळी रात्री काढून ठेवा. नळीने अन्न चालू असलेल्यांनाही हे लागू आहे. नळीने अन्न पोटात जातं, लाळ मात्र घशातच असते.

श्वास लागला, ओठ निळसर दिसले, ताप चढला किंवा गुंगी आली, तर घरी वाट पाहू नका.

प्रश्न : आईला ‘घट्ट द्रव’ द्यायला सांगितलंय. बाजारातली पावडर महाग पडते. तांदळाची पेज, घट्ट ताक, नाचणीची आंबील चालेल का? घट्ट म्हणजे किती घट्ट?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी ‘किती घट्ट’ ते बघू, कारण इथे अंदाज हमखास चुकतो. द्रव घट्ट करण्याचं कारण एवढंच, की तो सावकाश सरकतो आणि मंदावलेल्या घशाला मिटायला वेळ मिळतो. घट्टपणाची आंतरराष्ट्रीय मोजपट्टी आहे, ‘इड्सी’. द्रवांसाठी तिच्यात ० ते ४ पातळ्या आहेत. आईंची पातळी कोणती, ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

मोजायला १० मिलीची सुईविरहित सिरिंज लागते. शून्यापासून १० च्या खुणेपर्यंतची लांबी ६१.५ मिलीमीटर असलेली हवी, पट्टीने मोजून घ्या. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, १० मिलीपर्यंत द्रव भरा. बोट काढा, बरोबर १० सेकंदांनी पुन्हा लावा. आत १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे पाण्यासारखं. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ तर २, ८ च्या वर उरलं पण थेंब थेंब गळत राहिलं तर ३. काहीच गळलं नाही तर ४, आणि ते चमच्यावर तपासायचं. चमचा तिरका केल्यावर सगळं एका गोळ्यात घसरायला हवं, चिकटून राहायला नको.

आता पेज. पेजेचा घट्टपणा पिष्टाचा असतो, आणि लाळेतलं अमायलेज हे पाचक द्रव्य पिष्ट फोडतं. भरवलेला चमचा पुन्हा वाटीत बुडवला की लाळ वाटीत जाते आणि दहा-पंधरा मिनिटांत पेज पातळ होऊ लागते. पहिला चमचा सुरक्षित, शेवटचा धोक्याचा, असा प्रकार होतो. आंबिलीचं आणि कॉर्नफ्लोअरचंही तेच. त्यात गरम असताना पेज पातळ असते, निवल्यावर घट्ट होते, म्हणून ज्या उष्णतेला देणार त्याच उष्णतेला मोजा. द्यायचीच तर थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून, आणि गाठी गाळून. झँथन गमवर आधारलेल्या पावडरीवर अमायलेजचा परिणाम होत नाही, तिचा खर्च त्यासाठीच. ती घातल्यावर डब्यावर दिलेला वेळ थांबा. लगेच मोजलं तर पातळ वाटतं, माणूस आणखी एक चमचा घालतो आणि पुढे खळ तयार होते.

ताक नकोच. ठेवलं की चोथा खाली आणि पाणी वर. घोटलेलं, पाणी न सुटलेलं दही त्याहून बरं. आइस्क्रीम आणि जेली ताटात घट्ट दिसतात, तोंडात वितळून पाणी होतात. दुहेरी पदार्थ सर्वांत फसवे, उदाहरणार्थ चहात बुडवलेली पोळी, रश्श्यातला भात, दुधातले पोहे, कलिंगड, संत्र्याची फोड. पातळ भाग आधीच घशात धावतो आणि घट्ट भाग अजून चावून व्हायचा असतो. पोळी द्यायची तर वरणात पूर्ण कुस्करून, एकजीव करून. चुरमुरे, शेव, कोरडे पोहे, फुटाणे बंद.

आणखी एक. घट्ट द्रव रुग्ण कमी पितात. लघवी गडद होऊ लागली तर पाणी कमी पडतंय. गोळ्या कुटून त्यात मिसळण्याआधी औषधवाल्याला विचारा. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या कुटल्या की सगळा डोस एकदम सुटतो.

प्रश्न : ठसका लागला की आमच्याकडे ‘वर बघ, वर बघ’ म्हणतात आणि डोक्यावर थापटतात. यात काही अर्थ आहे का? लहान मूल असेल तर काय करावं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. वर बघितल्याने मान मागे जाते आणि अडकलेला कण आणखी आत सरकू शकतो. माणूस जोरात खोकत असेल, बोलू शकत असेल, तर पुढे वाकू द्या आणि खोकू द्या. त्याच्या खोकल्याइतका जोर आपल्या थापेत नसतो. पाणी पाजू नका.

आवाज बंद, खोकला मुका, हात गळ्याकडे, चेहरा निळसर, अशी अवस्था असेल तर मात्र एक सेकंदही दवडू नका. एकाने १०८ ला फोन लावावा. दुसऱ्याने त्या माणसाला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताच्या टाचेने ५ जोरदार फटके द्यावेत. नाही निघालं तर मागून मिठी मारून, एक मूठ बेंबीच्या वर पण छातीच्या हाडाच्या बरीच खाली ठेवून, दुसऱ्या हाताने ती धरून, आत आणि वर असे ५ झटके. पुन्हा फटके, पुन्हा झटके. गरोदर बाई किंवा फार स्थूल व्यक्ती असेल तर झटके पोटाऐवजी छातीच्या मध्यावर. शुद्ध हरपली तर जमिनीवर झोपवून छातीदाब (सीपीआर) सुरू करा. पोटावर झटके दिलेल्याला नंतर डॉक्टरांना दाखवाच, आत इजा झालेली असू शकते.

एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पोटावर झटके द्यायचे नाहीत. हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५ फटके, मग उताणं करून छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ५ दाब. वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालू नका, ती खोल ढकलली जाते.

मोठा धोका पुढे असतो. खोकला उठवणारी टोकं स्वरयंत्रात आणि मोठ्या श्वासनलिकांच्या फाट्यांवर दाट असतात, खोल फुप्फुसात ती जवळजवळ नसतातच. शेंगदाणा आत उतरून एका बाजूला बसला की मुलाचा खोकला थांबतो, मूल खेळू लागतं आणि घरचे म्हणतात, ‘गिळला असेल.’ काही दिवसांनी एकाच बाजूला घरघर, ताप, न हटणारा कफ. शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही आणि सुरुवातीला एक्स-रे अगदी स्वच्छही येऊ शकतो. म्हणून खाताना अचानक ठसका आणि मग शांतता, एवढा इतिहास असला तरी डॉक्टरांना आवर्जून सांगा. गरज पडल्यास भूल देऊन दुर्बिणीने दाणा काढतात. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे, फुटाणे, सुपारी नको. कूट चालेल. द्राक्षं उभी चार भागांत कापून, सीताफळ बिया काढून.

प्रश्न : बाळाला आंघोळीनंतर नाकात दोन थेंब तेल घालण्याची सासूबाईंची पद्धत आहे. डॉक्टर नको म्हणतात. दोन थेंबांनी काय होणार?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : डॉक्टरांचं ऐका, आणि सासूबाईंना कारण सांगा. तेल सौम्य असतं, घशाच्या चेतातंतूंना ते फारसं टोचत नाही. पाणी गेलं तर टोकं लगेच खबर देतात, तेल मात्र गुपचूप खाली सरकतं. फुप्फुसातून ते सहज बाहेर पडत नाही आणि तिथे सूज धरते. याला लिपॉइड न्यूमोनिया म्हणतात. रोजचे दोन थेंब महिन्यात बरेच होतात. तूपही त्यातच आलं.

तान्ह्या बाळाचा घसा मोठ्यांसारखा वागत नाही, हेही लक्षात घ्या. स्वरयंत्रावर पाणी किंवा आम्ल आलं की मोठा माणूस खोकतो. तान्हं बाळ श्वास रोखतं, पुन्हा पुन्हा गिळतं आणि त्याच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत आणि सर्दी झालेल्या बाळांत हे जास्त. त्यामुळे रडणाऱ्या, आडव्या बाळाच्या तोंडात बोंडल्याने दूध किंवा गुटी ओतणं धोक्याचं आहे. औषध द्यायचं तर बाळ तिरकं उचलून, ड्रॉपर गालाच्या आतल्या बाजूला लावून, थोडं थोडं, प्रत्येक वेळी गिळल्याची खात्री करून.

झोपवायचं मात्र उताणंच. उलटी होऊन गुदमरेल अशी भीती घातली जाते. उताण्या बाळात श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, आलेलं दूध खालच्या वाटेत राहतं. पालथ्या बाळात उलट होतं.

प्रश्न : दुर्बिणीच्या तपासणीआधी घशात फवारा मारला. नंतर तासभर पाणीसुद्धा देत नव्हते. घसा सुजल्यासारखा वाटत होता. एवढी सक्ती कशाला?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : तो फवारा लिग्नोकेनचा, म्हणजे घसा बधिर करणाऱ्या औषधाचा. सूज आलेली नसते, घशाची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही म्हणून तसं वाटतं. पहिल्या उत्तरात सांगितलेल्या प्रयोगातली माणसं जे अनुभवत होती, तेच हे. त्या काळात पाणी श्वासनलिकेत गेलं तरी ठसका येईलच याची खात्री नसते. झोपेचं इंजेक्शन दिलेलं असेल तर आणखी थांबावं लागतं. सुरुवात चमचाभर साध्या पाण्याने करा. गरम चहाने नको, बधिर घसा भाजला तरी कळत नाही.

प्रश्न : रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून महिनाभर कोरडा खोकला आहे, घशात सतत खवखव. सगळ्या तपासण्या ठीक. शिवाय फोडणीचा ठसका पूर्वीपेक्षा लवकर लागतो. कान साफ करतानाही खोकला येतो! हे सगळं एकच आहे का?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो, तिसरी निराळी.

गोळीच्या नावाचा शेवट ‘प्रिल’ असा आहे का बघा : रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल. ही औषधं ज्या एन्झाइमला अडवतात, ते एरवी ब्रॅडिकायनिन आणि ‘सब्स्टन्स पी’ या द्रव्यांचाही निचरा करतं. ती साचली की श्वासमार्गातली टोकं चाळवली जातात. हा खोकला कफ सिरपने जात नाही. डॉक्टर बहुधा ‘सार्टन’ गटातली गोळी देतात (टेल्मिसार्टन, लोसार्टन). बदलल्यावर एक ते चार आठवड्यांत खोकला जातो, क्वचित तीन महिने लागतात. स्वतःहून गोळी बंद करू नका. ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर मात्र त्याच क्षणी रुग्णालय गाठा, तो याच औषधाचा दुर्मीळ पण जिवावरचा परिणाम आहे.

गंमत म्हणजे, अर्धांगवायू झालेल्या वृद्धांत हाच दुष्परिणाम उपयोगी पडतो का, हे जपानमधल्या डॉक्टरांनी तपासलं. अशा रुग्णांच्या घशात सब्स्टन्स पी कमी असतं आणि ते वाढलं की गिळण्याची, खोकण्याची जाग सुधारते. तिथल्या काही अभ्यासांत न्यूमोनियाचं प्रमाण घटल्याचं दिसलं. पण तेवढ्यावरून सांगलीच्या वाचकांनी वडिलांची गोळी बदलायला जाऊ नये. रक्तदाब, मूत्रपिंड, पोटॅशियम पाहून ती निवडावी लागते.

फोडणीच्या धुरातलं कॅप्सेसिन, म्हणजे मिरचीचं तिखट द्रव्य, त्याच टोकांवरच्या टीआरपीव्ही१ या ग्राहकावर (खबर टिपणाऱ्या प्रथिनावर) बसतं. तो ग्राहक ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही जागा होतो. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं वैद्यकाचं नोबेल (अर्डेम पटापूटियन यांच्यासह) मिळालं. टोकं आधीच चाळवलेली असतील तर नेहमीपेक्षा कमी धुरानेही ठसका लागतो. तेल धुरावू लागलं तर त्यातलं अ‍ॅक्रोलीनही भर घालतं, तेव्हा मिरची त्याआधीच घाला.

कानाचं म्हणाल तर कानाच्या नळीच्या मागच्या भिंतीला व्हेगस चेतेचीच एक शाखा जाते. काही थोड्या लोकांत तिथे काडी लागली की मेंदू ती खबर घशाची समजतो आणि खोकला उठतो. हा आजार नाही. नुकताच सुरू झाला असेल तर कानात मळ किंवा केस पडद्याला टेकलाय का, ते एकदा दाखवून घ्या, आणि काडी घालणं सोडा.